अडत्याचा वारसा

एक्झिटरच्या अँटनी गिब्ज या लोकरीच्या व्यापाऱ्याचे 1789 मध्ये दिवाळे निघाले आणि त्याचे वडीलही त्यात बुडाले. धाकटा मुलगा विल्यम तेव्हा जन्मलाही नव्हता. तरी त्याने आणि थोरल्या जॉर्ज हेन्रीने 1840 पर्यंत ते सगळे देणे फेडले. पुढे गिब्ज घराण्याच्या पेढीने पेरू सरकारशी करार करून चिंचा बेटांवरचे ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे खत, युरोपात विकले आणि विल्यम इंग्लंडमधल्या बड्या धनिकांत जाऊन बसला. 1850 च्या दशकाच्या अखेरीस कारभार पाहू लागला त्याचा पुतण्या हेन्री हक्स गिब्ज. बेटांवर खणायला 1849 पासून चिनी करारबद्ध मजूर आणले जात होते. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून तर विष्ठेचे थर साचलेले. कुदळ मारली की अमोनियाची झोंबरी धूळ उठायची, आणि माल कड्यावरून कापडी नळ्यांतून थेट जहाजात ओतला जायचा. त्याच कड्यांवरून मजुरांनी उड्या घेऊन जीव दिल्याचे त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. अशा धंद्याचा वारस या मजुरांचे काही देणे लागतो का?

‘नाही,’ वारसाचा कैवारी म्हणेल. ‘बेटे पेरूची, खणण्याचा ठेका तिसऱ्याचा. गिब्ज नुसते अडते. मजुरांशी त्यांचा कागद कुठे होता?’ कागदाचा मुद्दा इतर कोणी काढला असता तर मी गप्प बसलो असतो. पण बापाच्या कर्जावर तरी या मुलांची सही कुठे होती? कागद नसतानाही देणे लागते, हे याच घराण्याने पैसे मोजून मान्य केले होते. शिवाय अडत मालावर मिळते आणि माल खणल्याशिवाय येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही पेढी पेरू सरकारला मालापोटी मोठमोठ्या उचली देत होती. उचल देणाऱ्याला दर ठरवता येतो, मुदत ठरवता येते. मग मजुरांच्या वागणुकीचीच तेवढी अट घालता येत नाही, हे पटत नाही.

‘गिब्जनी हात काढला असता तर दुसऱ्याने घातला असता,’ हा पुढचा आक्षेप. तो खरा आहे, तसे घडलेही: 1860 च्या दशकात करार दुसऱ्यांकडे गेला आणि खणणे थांबले नाही. पण यातून एवढेच ठरते की नुसते बाजूला होणे फुकट गेले असते. धंद्यात राहून काय करता आले असते, हा प्रश्न तसाच उरतो, आणि कारभारी वारसाला तोच लागू होतो. ज्याला फक्त पैसा मिळाला त्याच्याहून, ज्याच्या हाती पेढीची सूत्रे आली त्याच्यावर जबाबदारी जास्त येते.

उरला सर्वांत अवघड आक्षेप. एक्झिटरच्या धनकोंची नावे खात्यात होती. बेटावरच्या मजुराचे देणे कोणाच्या हाती द्यायचे, आणि किती? आकडा मलाही सांगता येणार नाही. पण नाव-आकडा नसला की हात आखडतो, हे या घराण्याबाबत तरी खरे नाही. ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजचे चॅपेल विल्यमच्या पैशाने उभे राहिले. त्याची वसुली मागायला कोणता धनको दारात आला होता?