मागचं सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

आजचे वाचन: फिलिप्पैकरांस पत्र 3:4–14



काल सकाळी फोनने न विचारता एक फोटो दाखवला. सहा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशीचा. आमच्या चर्चचा तरुण संघ, हातात क्विझची ढाल, मधोमध मी. छान वाटलं. मग कडेला उभा असलेला एक मुलगा दिसला आणि चहा तसाच राहिला. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मागील गोष्टी विसरून पुढे धावण्याबद्दल पौल जे लिहितो, ते आपण बहुतेक वेळा पापांबद्दल आणि दुःखांबद्दल वाचतो. ब्रेकअप झालं, परीक्षेत नापास झालो, कोणी फसवलं, की हे वचन स्टेटसला. चुकीचं नाही ते. पण चार ओळी वर जाऊन वाचा. पौल तिथे कसली यादी देतोय? आठव्या दिवशी सुंता झालेली, बन्यामिनाचा वंश, परूशी, नियमशास्त्राच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. ही जखमांची यादी नाही, हा बायोडेटा आहे! ज्याला तो केरकचरा म्हणतो ती त्याची कमाई आहे.

जखम सोडायला आपण एका पायावर तयार असतो. कमाई सोडणं अवघड.

हे मला कळलं ते आपल्या नाशिकच्याच एका बाईमुळे. लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपूरचा त्यांचा 1868 मधला जन्म. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली मुलगी. नवरा कवी, नारायण वामन टिळक. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पदरी लहानगा दत्तू. पंढरपूरला, माहेरच्या माणसांच्या आधाराने त्या राहिल्या. पुढे नगरकडे नवऱ्याजवळ आल्या तरी विटाळाची भीती बरोबर होतीच, त्यामुळे चूल वेगळी.

आता बघा, त्या काही वाईट धरून बसल्या नव्हत्या. आईवडिलांनी शिकवलेलं, मनापासून पाळलेलं, चांगलं म्हणूनच जपलेलं ते धरून होत्या. पण विचार करता करता एक दिवस प्रश्न पडला: या जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असं उत्तर मनाशी पक्कं झालं आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. आधी सोवळं सुटलं, मग पाणी डोक्यावर आलं. मधे पाच वर्षं गेली. कन्वेन्शनमध्ये हात वर केला आणि त्याच रात्री सगळं सुटलं, असं नाही झालं. (आपल्याला साक्ष पाच मिनिटांत संपणारी लागते, म्हणून ही पाच वर्षं आपण गाळतो.)

आणि गंमत म्हणजे मागचं सोडलेल्या या बाईने म्हातारपणी पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘स्मृतिचित्रे’! 1934 पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःची फजिती, सगळं त्यात आहे, आणि वाचताना हसू आवरत नाही. म्हणजे विसरल्या काहीच नव्हत्या. पौलही विसरला नाही. मंडळीचा छळ केला हे तो करिंथकरांना स्वतःहून लिहितो. टिळकसुद्धा म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पलीकडे पोचल्यावर त्यांनी पूल जाळला नाही. मग विसरणं म्हणजे काय? मला वाटतं, त्या गोष्टीवर आता आपलं वजन टाकायचं नाही. ती आठवते, पण ती माझी लायकी ठरवत नाही आणि समोरच्याचीही नाही.

आता तो फोटोतला मुलगा.

मी तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आजोबा मंडळीचे पंच, मी संडे स्कूलपासून बक्षिसं घेतलेली, पुस्तकांची नावं उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका दमात. तो नवीन होता. घरच्यांना न सांगता यायचा. एकदा बायबल स्टडीत त्याने प्रार्थना केली आणि त्याच्या घरी म्हणतात तसाच काहीतरी शब्द देवासाठी वापरला. मी सगळ्यांसमोर त्याला दुरुस्त केलं. वर हसले. बाकीचेही हसले. तो आणखी दोन रविवार आला, मग नाही. “टिकला नाही,” असं आम्ही म्हणालो.

शरणपूर रोडवरून मी रोज ऑफिसला जाते. ज्या शरणपुरावरून त्या रस्त्याला नाव पडलं ती मिशनची वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली. नावातच ‘शरण’ आहे. काल सिग्नलला थांबले तेव्हा वाटलं, एका घाबरलेल्या मुलाला आमच्या वर्तुळात शरण मिळालं नाही, कारण माझं सोवळं आड आलं. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांत सोडलं ते मी जन्मापासून ख्रिस्ती असून पाळतेय. आणि क्विझच्या ढालीला त्यात मानाची जागा.

तुमच्या यादीत काय आहे? वरदानं, क्वायर, पाळकाचं घराणं, की “मी एवढं सोसलंय” हेसुद्धा? सोसण्याचाही अभिमान होतो, बरं का.

त्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. बदलला असेल कदाचित.

प्रार्थना: प्रभू येशू, ज्यावर मी उभी होते ते माझ्याकडून घे. आज संध्याकाळी त्याला फोन करायचा आहे. त्याने उचलला तर आधी माफी मागू दे, चर्चला बोलवायची घाई नको करू देऊ. नाही उचलला तर उद्या परत लावायचं धैर्य दे. आमेन.