सेवा करणाऱ्याचे कोण ऐकणार?



काही महिन्यांपूर्वी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक परिचारिका भेटायला आली. तिच्या परवानगीने तिचे म्हणणे येथे मांडतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिची ड्युटी कोविड वॉर्डात होती. घरच्यांना लागण होऊ नये म्हणून ती वेगळ्या खोलीत राहत असे. रात्रपाळी संपली तरी झोप येत नसे. शेवटी मैत्रिणीने दिलेल्या नंबरवर ती एका समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलू लागली. हळूहळू सावरली. “पण फादर,” ती म्हणाली, “पापनिवेदन फोनवर चालत नाही, मग मन मोकळं करणं कसं चालतं? आणि माझी श्रद्धा पक्की असती, तर मला याची गरज पडली असती का?”

तेव्हा मला आठवले, त्याच दिवसांत तिने मलाही फोन केला होता. “प्रार्थना कर, सगळं ठीक होईल,” असे सांगून मी दोन मिनिटांत फोन ठेवला होता. म्हणून तिच्या प्रश्नांचे उत्तर आज जरा सावकाश देत आहे.

आधी श्रद्धेविषयी. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगितले. त्यांत सत्याचे चिंतन आहे. पण त्याबरोबर अश्रू, मित्रांची सहानुभूती, झोप आणि स्नानही आहे! मनाला शरीर असते, हे संतांना ठाऊक होते. आधार मागणे म्हणजे अश्रद्धा नव्हे.

आता फोनविषयी. संस्कारात देवाची कृपा दृश्य चिन्हांतून मिळते. तेथे प्रत्यक्ष यावे लागते. इंटरनेटवरून संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. पण आपली ही बहीण कोणते ओझे वाहत होती? “माझ्या पाळीत तीन जण गेले. मी कमी पडले.” हा विचार तिला खात होता. समुपदेशक बाईंनी तिला तो कागदावर लिहायला लावला आणि मग एकेक प्रश्न विचारला. वॉर्डात रुग्ण किती? परिचारिका किती? ऑक्सिजन कोणाच्या हाती होता? तुला शक्य असून तू काय केले नाहीस? शेवटच्या प्रश्नापुढे तिला काहीच लिहिता आले नाही.

नीतिशास्त्र सांगते की, जाणीव आणि मोकळी इच्छा असल्याशिवाय दोष लागत नाही. तिच्या मनात होते ते दुःख. तिने त्यालाच दोष समजले. जे पापच नाही, त्याची क्षमा मी तरी कशी देणार? त्यासाठी शांतपणे ऐकणारे माणूस हवे होते. ते पडद्यापलीकडून भेटले म्हणून खोटे ठरत नाही. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले, आणि शताधिपतीच्या चाकराला त्याच्या घरी न जाता बरे केले. जवळीक नुसती अंतरावर मोजता येत नाही.

मात्र एक धोका आहे. माणसे कमी, रजा नाही, वर सल्ला की मन शांत ठेवा! हा न्याय नव्हे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा कोविड रुग्ण दगावले. त्या प्रकरणात एका डॉक्टर भगिनीला आणि परिचारिकांना अटक झाली, तेव्हा परिचारिका संघटनांनी निषेध केला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण सेवकांच्या ताणाची काही कारणे त्यांच्या मनाबाहेर असतात. ती दूर करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. समुपदेशन त्याची जागा घेऊ शकत नाही.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण नेहमी ऐकतो. उतारशाळेच्या रखवालदाराकडे मात्र आपले लक्ष जात नाही. शोमरोनी पुढे गेला. जखमी माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा त्या रखवालदाराने केली. शोमरोन्याने त्याला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे वचनही दिले. २०२० मध्ये आपण टाळ्या-थाळ्या वाजवल्या. वर झालेला खर्च विचारायला आपण परत गेलो का?

आपल्या कितीतरी घरांत एक तरी नर्स आहे. ती ड्युटीवरून आली की आधी झोपू द्या; बोलू लागली तर मध्येच उपदेश करू नका. दवाखान्याच्या दारात कोणी पाहील या संकोचाने थांबणाऱ्यांसाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्रीअपरात्रीही, मराठीतून बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका; घरच्यांना सांगा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. माझे दार उघडे आहे, आणि फोन आला तर या वेळी मी तो लवकर ठेवणार नाही.

प्रभू येशू सर्व सेवकांना विसावा देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू