गच्चीवरची तार

हौशी रेडिओवाल्याला दोन गोष्टी लागतात : परवाना आणि आकाश. परवाना सरकार देतं. आकाश मात्र हौसिंग सोसायटीच्या ताब्यात असतं.

सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलायचं, तर १४३ ला ७.१ ने भागायचं. उत्तर येतं वीस मीटर, म्हणजे ६६ फूट. एवढी तांब्याची तार मधोमध तोडून ताणली की झाला डायपोल. गावच्या वाडीत ती दोन माडांना बांधली असती आणि माडांनी चकार शब्द काढला नसता. (बायकोचं म्हणणं, मीही तिथेच राहावं.) पण आम्ही राहतो मुलुंडला आणि आमची गच्ची भरते ५८ फूट. मग उलटा ‘व्ही’ : मध्य टाकीवरच्या काठीला, वीस फुटांवर, आणि दोन्ही टोकं कठड्याकडे उतरती. गणित फक्कड जमलं. टोकं बरोब्बर माणसाच्या खांद्याशी आली.

१९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं, त्यानंतर कित्येक वर्षं गच्चीगच्चीवर अँटेनांचं रान माजलं होतं. त्यात माझी तार कोणाच्या नजरेत भरली नसती. आता ते रान गेलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “काय हो हे?”

वास्तविक माझ्याकडे भाषण तयार होतं. किल्लारीचा १९९३ चा भूकंप, तिथे धावून गेलेले हौशी रेडिओवाले. २६ जुलै २००५, मुंबईत मुके झालेले फोन, सगळं. पण खरं सांगितलं की सेक्रेटरी, सेक्रेटरी आले की मीटिंग, आणि मीटिंग आली की तार गेली. मी म्हणालो, “कपड्यांची दोरी.”

आता यात पाप ते काय? तार दोरीसारखीच दिसत होती, नुकसान कुणाचं नव्हतं आणि हेतू तर साक्षात परोपकाराचा! खोटं बोलताना माणसाला तत्त्वज्ञान किती भराभर सुचतं, ते त्या दिवशी कळलं. अर्धसत्यापायी धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला म्हणतात. माझी तार आधीच खाली होती.

पुढच्या रविवारी कोल्हापूरच्या एका सद्गृहस्थांशी हवापाण्याच्या गप्पा चालल्या असताना मीटरचा काटा एकदम बिथरला. क्षणभर उमगेना. मग उमगलं, आणि सेट बंद करून मी जिने चढत सुटलो. डायपोलच्या मध्यापेक्षा टोकांना व्होल्टेज जास्त; माझ्या ५० वॅटलाही तिथे काहीशे व्होल्ट होतात, हात लागला तर चांगला चटका बसतो. टोकावर काकूंचं ओलं नऊवारी वाळत होतं. काकू दुसरी बादली आणायला खाली गेल्या होत्या. तेवढ्यानेच निभावलं.

त्या वर आल्या. मी सगळं सांगितलं, यावेळी भाषणाशिवाय. त्यांनी लुगडं काढून खांद्यावर घेतलं.

“म्हणजे मला चटका बसला असता?”

“हो.”

“आणि तुम्हाला ठाऊक होतं?”

याला ‘हो’ही म्हणवेना आणि ‘नाही’ही.

मीटिंग झाली. तार राहिली, टोकं बांबूवर दहा फूट चढली आणि मध्याची काठीही वाढली. काकूंना मी स्वखर्चाने काथ्याची जाड दोरी बांधून दिली. त्या ती वापरतात. मात्र पहिला कपडा टाकण्यापूर्वी रोज जिन्यातून हाक येते :

“भावजी, ही दोरी दोरीच आहे ना?”