श्वेतकेतूचा उपवास

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हशास खांबलिंगेश्वराची जी जत्रा भरते, तिच्यातील बैलबाजाराचा लौकिक तालुक्याच्या हद्दीबाहेर दूरवर पोहोचलेला आहे. त्या बाजारात, तेल चोपडून तुळतुळीत केलेल्या शिंगांच्या रांगेमागे, एक ठाकर म्हातारी आपल्या नातवास पळसाच्या पानावर नाचणीची भाकरी व खुरासणीची चटणी वाढताना मी पाहिली. चटणी नुकतीच वाटलेली असावी, कारण तिचे तेल भाकरीत उतरून काळसर वर्तुळ धरीत होते, आणि पोर तेवढाच ओला भाग आधी मोडून खात होते.

ते पाहून मला छांदोग्य उपनिषद आठवले. त्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, मन हे अन्नमय आहे असे सांगतो, आणि सांगून न थांबता त्यास पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो. बारा वर्षे अध्ययन केलेल्या त्या मुलाला त्यानंतर ऋचा आठवत नाहीत, आणि जेवल्यावर त्या परत येतात. दही घुसळले असता त्यातील सूक्ष्म अंश लोणी होऊन वर येतो, तसेच अन्नाचे मन होते, हा त्याचा दृष्टान्त. आणि तेजाचा, म्हणजे शंकराचार्यांच्या भाष्याप्रमाणे तेलातुपाचा, मध्यम भाग मज्जा व सूक्ष्मतम भाग वाणी होतो, हे त्याचे विधान.

यावरून ऋषींना आजचे शरीरशास्त्र अवगत होते असे म्हणणे मला मान्य नाही. तथापि मेंदूतील पाणी वजा केले तर उरलेल्या द्रव्यात निम्म्याहून अधिक हिस्सा स्निग्ध पदार्थांचाच भरतो, आणि ज्या वेष्टनामुळे मज्जातंतूंतून संदेश त्वरेने धावतो त्याची घडण गर्भात सुरू होऊन पहिल्या दोन वर्षांत अतिशय वेगाने चालते, हे आता निर्विवाद आहे. मातेच्या दुधातील सुमारे निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते ती याच काळासाठी. अधिक तूप म्हणजे अधिक बुद्धी, असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, आणि तुपाच्या अतिरेकाने रक्तवाहिन्या कठीण झाल्या तर स्मृतीचीच हानी होते. शरीराला जी दोन मेदाम्ले घडविता येत नाहीत, त्यांपैकी एक खुरासणीच्या तेलात विपुल असते, दुसरे जवसात. आणि मेंदूच्या घडणीत मोठा वाटा असलेले तिसरे आयते मिळते ते मासळीतून.

स्मृती भाकरीबरोबर जाते-येते, तर आत्म्याचे काय उरले, ही श्रद्धावंताची शंका मी हलकी मानीत नाही. परंतु उद्दालकास तिची भीती वाटली नाही. मन अन्नाचे आहे हे मुलाकडून अनुभवाने कबूल करवून घेतल्यावरच तो त्याला ‘तत्त्वमसि’ या उपदेशाकडे नेतो, कारण उपदेश ग्रहण करावयाचा तो याच मनाने. मग ज्या बालकाच्या ताटात पहिल्या दोन वर्षांत तेलाचा थेंब पडला नाही, त्याच्या वाट्याचा तो उपदेश कोणी हिरावला, हा प्रश्न धर्माचा आहे, आणि देवापुढे जळणाऱ्या समईइतकाच त्याचा जाब देवळानेही दिला पाहिजे.

खुरासणी मुरबाडच्या डोंगरउतारांवरच्या वरकस जमिनीत येते. घाण्यातून तेल निघाल्यावर तिची पेंड गुरांना जाते; आणि भारतातून तिचे दाणे परदेशी, अंगणात येणाऱ्या पाखरांना घालण्यासाठी, जहाजाने रवाना होतात. म्हशाच्या त्या पोराने चटणी संपल्यावर पानावरचे तेल बोटाने निपटून घेतले आणि आजीकडे पाहिले. तिने पालथ्या हाताने वाटी पुसून तो हात त्याच्या कपाळाला लावला.