भीति आणि विश्वास

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरणाऱ्या उपदेशकास एक प्रश्न हटकून ऐकावा लागतो: "तुमचा देव जर बाप आहे, तर आमच्या विहिरीबरोबर तुमचीहि विहीर कां आटली?" नगर जिल्ह्यांत हा प्रश्न पोकळ नव्हे. अकोल्याच्या डोंगरांत पाऊस कोसळत असतां पाथर्डी-जामखेडकडील शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो. १८९९ सालीं पाऊस गेला. पुढील वर्षापर्यंत लांबलेल्या त्या दुष्काळांत गुरें दावणीला मेलीं, माणसें सरकारी कामांवर खडी फोडूं लागलीं, पोरकीं मुलें अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आलीं. दुष्काळानें ख्रिस्ती घर वगळलें नाहीं. १९७२ च्या अवर्षणानेंहि वगळलें नाहीं.

कित्येक बंधु म्हणतात कीं, ज्याचा विश्वास खरा त्यास भय वाटतच नाहीं. ऐकावयास हें गोड आहे. पण तापानें फणफणलेल्या लेकराच्या उशाशीं बसलेल्या आईला तें सुरीसारखें लागतें. तिच्या दुःखावर आणखी अविश्वासाचा दोष आपण कोणत्या अधिकारानें लादावा? गेथशेमाने बागेंत प्रभु स्वतः व्याकुळ झाला. प्याला टळावा अशी त्यानें प्रार्थना केली. त्यास कोणी अल्पविश्वासी म्हणेल काय?

हबक्कूक संदेष्ट्याकडे पाहा. अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, अशा गेलेल्या एकेका वस्तूचें तो नांव घेतो, जणूं तलाठ्यापुढें पंचनामाच लिहून देतो. आणि मग परमेश्वराच्या ठायीं आनंद मानतो. नुकसान लपवून त्यानें विश्वास मिरविला नाहीं. आपणहि शेजाऱ्यास सरळ सांगावें कीं, विहीर आटली हें खरें, आणि धास्ती आम्हांसहि आहे. पाणी लागेलच असें वचन आपणांस दिलेलें नाहीं. उपदेशकानें तें आपल्या पदरचें देऊं नये. बाप सोडणार नाहीं, एवढेंच वचन आहे.

मात्र भय वाटणें निराळें व भयाच्या हुकुमांत वागणें निराळें. भय सांगतें, कणगी झांकून ठेव, आजाऱ्याच्या दाराकडे फिरकूं नको. विश्वास ठेवणाऱ्याचा हात थरथरतो, तरी तो कणगी उघडतो.

देवावर भरंवसा असतां लस वा औषध कशाला, असेंहि कोणी विचारतात. (असे बंधु पेरणी मात्र चुकवीत नाहींत!) विहिरीचा गाळ काढणारा देवावर अविश्वास दाखवीत नाहीं. तोहि प्रार्थना करूनच कुदळ उचलतो.