न पाहिलेला राम : कव्हर बँड आणि अनुकरणाचा प्रश्न

इतरांनी रचलेली आणि ध्वनिमुद्रित केलेली गाणी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला ‘कव्हर बँड’ म्हणतात, आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील लहान शहरांत किंवा इंग्लंडमधील पबांत असे बँड वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकून राहिलेले आढळतात. त्यांचे सभासद दिवसा शाळेत शिकवतात, नळजोडणीची कामे करतात किंवा विमा विकतात, आणि आठवड्याच्या अखेरीस स्वतःच्या गाडीतून अ‍ॅम्प्लिफायर, ड्रम आणि तारांची वेटोळी वाहून नेऊन रात्री नवाच्या सुमारास एखाद्या बारच्या कोपऱ्यात पाऊण-पाऊण तासाचे तीन-चार ‘सेट’, म्हणजे मध्ये विश्रांती घेत वाजवायचे गाण्यांचे गट, सादर करतात. त्यांची गाणी बहुधा १९६५ ते १९८० या काळातली असतात, ज्यांना अमेरिकी रेडिओ केंद्रांनी १९८०च्या दशकात ‘क्लासिक रॉक’ या नावाखाली एकत्र बांधले. आयुष्याचा एवढा मोठा भाग परक्याच्या निर्मितीत घालवणाऱ्या माणसाच्या कृतीला कला म्हणावे की केवळ नक्कल, हा प्रश्न वरवर पाहता समीक्षेचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी अनुकरण, स्मृती आणि स्वत्व यांविषयीचे जुने तात्त्विक वाद आहेत.

नक्कल म्हणून हिणवण्याची परंपरा प्लेटोइतकी जुनी आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात तो पलंगाचे उदाहरण घेऊन सांगतो की पलंगाचे आदिरूप हे सत्य, सुताराचा पलंग त्याची छाया आणि चित्रकाराचा पलंग त्या छायेची छाया. या हिशेबाने कव्हर बँड आणखी एक पायरी खाली जातो. तथापि या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की मूळ वस्तू कोठे तरी ठामपणे अस्तित्वात आहे आणि नकलेची तिच्याशी तुलना करता येते. आणि नेमके हेच गृहीतक दहाव्या शतकातील काश्मिरात तपासले गेले होते.

‘नाट्यशास्त्र’कार भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने असे मांडले की रामाची भूमिका करणारा नट रामाच्या स्थायी भावाचे, म्हणजे मनात टिकून असणाऱ्या मूळ भावाचे, अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्या अनुकरणावरून रसाचे अनुमान करतो. चित्रातला घोडा पाहून होणारे ‘हा घोडा’ हे ज्ञान जसे खरेही नसते, खोटेही नसते आणि संशयात्मकही नसते, तशीच ही प्रतीती असते, असे त्याचे म्हणणे. अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी यावर घेतलेला आक्षेप अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या ‘नाट्यशास्त्रा’वरील टीकेत नोंदलेला आहे, आणि तो असा की अनुकरण हे अनुकरण म्हणून ओळखण्यासाठी अनुकार्य, म्हणजे ज्याची नक्कल केली ती मूळ गोष्ट, आधी पाहिलेली असावी लागते, पण राम तर कोणीच पाहिलेला नाही, नटाने नाही आणि प्रेक्षकानेही नाही. मग नट नेमके कशाचे अनुकरण करतो?

कव्हर बँडच्या बाबतीत हा आक्षेप लागू होणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते, कारण येथे राम रेकॉर्डवर उपलब्ध आहे. प्रत्यक्षात तो कितपत उपलब्ध आहे, हे पाहण्यासारखे आहे. बीटल्सने २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत अखेरचा तिकिटाचा कार्यक्रम केला आणि त्यानंतर दौरे थांबवले. त्यामुळे १९६७चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चौघांनी मिळून रंगमंचावर कधीच वाजवला नाही, आणि १९८० पासून इंग्लंडमध्ये बीटल्सची गाणी सादर करणारा ‘बूटलेग बीटल्स’ हा गट जेव्हा त्यातील गाणी लोकांसमोर गातो, तेव्हा तो अशा प्रयोगाची नक्कल करत असतो की जो कधी झालाच नव्हता. ‘मस्टँग सॅली’ हे तर अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक बार बँडचे हक्काचे गाणे, पण लोकांच्या कानात बसलेले विल्सन पिकेटचे १९६६चे रूप हेच मुळात कव्हर आहे. ते मॅक राइसने लिहून आदल्या वर्षी गायले होते. ‘फ्री बर्ड’ची फर्माईश, निम्मी चेष्टेने आणि निम्मी मनापासून, हरेक कार्यक्रमात कोणी तरी ओरडतोच. ते गाणे १९७३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या लिनर्ड स्किनर्ड या गटाचा गायक रॉनी व्हॅन झँट १९७७च्या विमान अपघातात गेला, १९८७ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला गायक म्हणून घेऊन गट पुन्हा उभा राहिला, आणि २०२३ मध्ये गॅरी रॉसिंग्टनच्या निधनानंतर त्यात संस्थापकांपैकी कोणीही उरले नाही, तरी दौरे चालूच आहेत. मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी विचारलेला, सुट्या भागांपैकी नेमका रथ कोणता, हा प्रश्न येथे जसाच्या तसा उभा राहतो, आणि एखाद्या गावात तीस वर्षे त्याच चौघांनी टिकवलेला बँड निदान सभासदांच्या सातत्यात मुळापेक्षा सरस ठरतो, हा त्यातला गमतीचा भाग.

मूळ म्हणजे प्रयोग नव्हे, ध्वनिमुद्रणच होय, असा युक्तिवाद यावर करता येतो, आणि अमेरिकी तत्त्वज्ञ थिओडोर ग्रेसिक याने १९९६च्या ‘रिदम अँड नॉइज’ या ग्रंथात तो समर्थपणे केला आहे. त्याच्या मते पाश्चात्त्य अभिजात संगीतात जसे स्वरलेखन तशी रॉकमध्ये रेकॉर्ड हीच कलाकृती असते, आणि तीत आवाजाचा पोत, प्रतिध्वनी, गिटारचा विशिष्ट खरखरीतपणा हे सारे कृतीचे अंगभूत घटक असतात. एच. स्टिथ बेनेट या समाजशास्त्रज्ञाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गावोगावचे रॉकवादक गाणे लिखित स्वरांवरून न शिकता रेकॉर्ड पुनःपुन्हा ऐकून कसे शिकतात आणि त्यातून त्यांचा कानच ध्वनिमुद्रणाच्या साच्यात कसा घडतो, हे दाखवले आहे. मात्र हा कान ज्या देहाला जोडलेला असतो तो म्हातारा होतो. ईगल्सच्या १९७६ मधील ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चे उदाहरण घेतल्यास, ते बी मायनरमध्ये आहे आणि त्याची सुरुवात गिटारच्या सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारी पट्टी, लावून ई मायनरच्या बोटांनी वाजवतात; गायकाचा आवाज पन्नाशीनंतर वर जाईनासा झाला की बँड गाणे दोन पडदे खाली घेतो, कॅपो पाचव्यावर येतो आणि शेवटच्या दोन गिटारींच्या जुगलबंदीची सगळी बोटे, जी वादकाने पंचवीस वर्षांत डोळे मिटून बसवलेली असतात, नव्याने बसवावी लागतात. श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना काही बदलल्याचे कळते. रेकॉर्ड हीच कृती असेल तर हा दोष आहे, आणि तरीही त्या रात्री गाणे चुकले असे कोणीही म्हणत नाही, यावरून ग्रेसिकचा सिद्धांत रेकॉर्डपुरता खरा असला तरी बारच्या कोपऱ्यात तो अपुरा पडतो, असे म्हणावे लागते.

याहून अवघड प्रसंग डार्क स्टार ऑर्केस्ट्रा या गटाने उभा केला आहे. ग्रेटफुल डेड हा गट १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षे चालला आणि आयत्या वेळच्या विस्तारासाठी ख्यात होता. त्याचा गिटारवादक जेरी गार्सिया याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, शिकागोतील एका क्लबात सुरू झालेला हा नवा गट डेडचा एखादा जुना कार्यक्रम निवडून त्यातील सर्व गाणी त्याच क्रमाने आणि त्या काळच्या वाद्यरचनेने वाजवू लागला. क्रमाची नक्कल करता येते, पण उत्स्फूर्ततेची नक्कल म्हणजे काय? गार्सियाने त्या रात्री घेतलेल्या सुरावटी तंतोतंत वाजवल्या, तर त्याने जे केले नेमके तेच हरवते, आणि स्वतःच्या वेगळ्या घेतल्या तर अनुकरण संपते. गटाने दुसरा मार्ग पत्करला. त्यांचा संस्थापक गिटारवादक जॉन कॅडलेसिक याला २००९ मध्ये डेडच्या दोन मूळ सभासदांनी आपल्या नव्या गटात घेतले, यावरून ज्यांची नक्कल केली त्यांनाच ती नक्कल वाटली नाही, हे उघड आहे. भट्ट तौतांच्या आक्षेपाचा रोख हाच होता, की नट रामाची नव्हे, तर फार तर त्या प्रकारच्या भावाची पुनर्निर्मिती करतो, आणि त्यासाठी लागणारी सामग्री त्याला स्वतःमधूनच काढावी लागते.

एवढ्याने नकलेचा आरोप निकाली निघतो, परंतु कव्हर बँडच्या जीवनातला खरा पेच येथून पुढे सुरू होतो, कारण तो मुळाशी असलेल्या संबंधाचा नसून श्रोत्याशी असलेल्या संबंधाचा आहे. डॅनिश तत्त्वचिंतक कीर्केगार्द याने १८४३ मधील ‘पुनरावृत्ती’ या ग्रंथात स्मरण आणि पुनरावृत्ती या एकाच गतीच्या विरुद्ध दिशा मानल्या आहेत. स्मरण मागे जाते, पुनरावृत्ती पुढे. त्याचा निवेदक बर्लिनची जुनी सहल जशीच्या तशी पुन्हा घडवण्यासाठी तेच घर आणि तेच नाट्यगृह गाठतो आणि पुरता फसतो, कारण त्याला हवे असते स्मरण. बारमधील श्रोता त्या निवेदकासारखा असतो. त्याला गाणे नको असते, गाणे पहिल्यांदा ऐकले तेव्हाचा स्वतःचा उन्हाळा हवा असतो.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखांच्या अधीन होऊन जाणे, हे आहे. रसविचारक भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेले साधारणीकरण, ज्यात भाव ‘माझा’ किंवा ‘दुसऱ्याचा’ राहत नाही, ते या विघ्नापाशी अडखळते. विशेष असे की हे विघ्न दूर करण्याचा उपाय म्हणून अभिनवगुप्त वाद्यांचा आणि गाण्याचाच उल्लेख करतो. क्लासिक रॉकच्या कार्यक्रमात मात्र गाणेच ते विघ्न निर्माण करते, किंबहुना तेच विकले जाते. बँडला बोलावणे येते ते श्रोत्याची तरुणपणाची आठवण जागी व्हावी म्हणून, आणि जो बँड ही आठवण जागवण्यात कमी पडतो त्याला पुढच्या महिन्यात बोलावत नाहीत.

वादकांची स्थिती याच्या अगदी उलट असते. तेच गाणे शेकडो वेळा वाजवल्यावर त्याला चिकटलेला वादकाचा स्वतःचा उन्हाळा झिजून जातो, आणि उरतात ती ताल पडण्याची नेमकी जागा, दुसऱ्या कडव्याआधी बास गिटारने घेतलेला श्वास आणि ड्रमरच्या चार टिपऱ्यांनंतरचा पहिला एकत्र आघात. याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा, कारण या मंडळींना टाळ्या हव्या असतात, बिदागीही हवी असते आणि सेटलिस्टवरून, म्हणजे गाण्यांच्या क्रमावरून, ती मनसोक्त भांडतात. तथापि स्वतःच्या आठवणीपासून सुटलेला भाव ही साधारणीकरणाची अट मानली, तर त्या खोलीत ती पुरी करणारे बहुधा श्रोते नसून वादकच असतात. हे अभिनवगुप्ताला मान्य होणार नाही. त्याच्या मते नट हा केवळ पात्र आहे, आणि मद्याचे पात्र मद्य चाखत नाही. नाट्यात हे एकवेळ चालेल. संगीतात मात्र वादक हा आपल्या वादनाचा पहिला श्रोता असतो, तेव्हा पात्राला चव नसते हे विधान तेथे टिकत नाही, आणि रससिद्धांताने संगीताचा विचार नाट्याच्या अंगानेच केल्यामुळे ही उणीव राहिली असावी.

‘हे गाणे कोणाचे’ या प्रश्नाला कायद्यात नेमके उत्तर आहे: अमेरिकेत जाहीर सादरीकरणाच्या परवान्याचे शुल्क रचनाकारांच्या वतीने एएससीएपी व बीएमआय या संस्था घेतात आणि ते रीतीने बँड नव्हे, तर बारमालक भरतो. आस्वादात त्याला उत्तर नाही, कारण तेथे प्रश्नच सुटून जातो. मुळाच्या जागी प्रत्यक्ष जाऊन बसण्याची संधी क्वचित कोणाला मिळते, आणि तिची किंमतही असते. मनिलातील एका कव्हर बँडचा गायक आर्नेल पिनेडा २००७ मध्ये यूट्यूबवरून जर्नी या गटाला सापडला आणि पूर्वीच्या प्रसिद्ध गायकाच्या आवाजाशी आपली तुलना होणार हे मान्य करूनच त्याने ती जागा घेतली. ओहायोतील टिम ओवेन्स हा जुडास प्रीस्टची गाणी वाजवणाऱ्या गटातून १९९६ मध्ये थेट जुडास प्रीस्टमध्ये गेला, त्यांच्यासोबत दोन अल्बमांत नवी गाणी गायला, आणि २००३ मध्ये पूर्वीचा गायक रॉब हॅलफर्ड परतल्यावर बाहेर पडला. गावच्या बारमध्ये तिसरा सेट संपवून तारा गुंडाळणाऱ्या गायकाला निदान ही धास्ती नसते, कारण ज्याची गाणी तो गातो तो माणूस त्या गावात येऊन आपली जागा परत मागण्याची शक्यता जवळजवळ नसतेच.