फळाची पारख

हॉलंडचा टोमॅटो काचघरात वाढतो. एका मापाचा, एका रंगाचा. 1990च्या दशकात जर्मन गिऱ्हाईक त्याला ‘पाण्याचा बॉम्ब’ म्हणत असे. फ्रान्समध्ये आधी गाव विचारतात; रोकफोर हे नाव कोणत्या चीजला लावावे, याचा कायदाच तिथे 1925मध्ये झाला. एकाची पारख डोळ्यांची, दुसऱ्याची जिभेची.

आपल्या वरूड-मोर्शीचा संत्रा या दोहोंत अडकला आहे. ‘नागपुरी संत्रा’ या नावाला 2014मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मान मातीचा. बाजारात मात्र भाव आकाराला आणि चकाकीला. फळावर मेण चढवतात. त्याने फळ टिकते, त्याला माझी हरकत नाही. पण हिरवट सालीचे, आतून गोड असलेले आंबिया बहाराचे फळ मागे पडते.

आणि वरच्या थरात मोठी फळे, खाली बारीक, हा खोटेपणा की नुसती मांडणी? पैगंबरांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. ओले धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे, असे त्यांनी त्या विक्रेत्याला बजावले. ती ओल निदान बोटांना कळली. संत्र्याची चव साल काढल्याशिवाय कळत नाही. मग सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच अधिक येते. अमरावतीत एखादा बागवान अजूनही न विचारता फळ सोलून फोड हातावर ठेवतो. दोन रुपये जास्त देऊन मी त्याच्याकडूनच घेतो.